तोट्याचे वाटेकरी

मासळीचा लिलाव आटोपल्यावर बंदरावर जो हिशेब होतो, तो पहिल्यांदा पाहिला त्या दिवसापासून ही वही सुरू आहे. आलेल्या पैशांतून आधी डिझेल, बर्फ, शिधा वजा. उरलेल्याचे वाटे: होडीचा, जाळ्याचा, होडी हाकणाऱ्या तांडेलाचा दीड किंवा दोन, खलाशाचा एक. प्रमाण बंदरागणिक बदलतं, क्रम बदलत नाही.

"आणि काहीच गावलं नाही तर?" मी विचारलं.

तांडेल हसला. "मग खर्च पुढल्या फेरीच्या डोक्यावर. म्हणजे सगळ्यांच्याच. होडीत बसला तो वाटेकरी, ताई. मधल्या पाण्यात उतरता येतं काय?"

*

वन्यजीव संरक्षणाच्या कागदांत 'भागीदारी' हा शब्द आता मिठासारखा सगळीकडे पडलेला असतो. अहवालाच्या शेवटच्या पानावर बोधचिन्हांची ओळ असते: खातं, संस्था, कंपनी, विद्यापीठ. कोणी काय दिलं ते त्यावरून कळतं. कोणाचं काय गेलं ते कळत नाही. या वहीत मी दुसरीच नोंद ठेवायची ठरवली.

*

एका किनारी तालुक्यातल्या अशाच एका भागीदारीच्या समितीत मी दोन वर्षं होते. बैठक सकाळी अकराला. चहा, बिस्किटं, पंखा, सगळं वेळेवर. मच्छीमार प्रतिनिधींच्या खुर्च्या तेवढ्या रिकाम्या. इतिवृत्तात दर वेळी तेच वाक्य: 'मच्छीमार समाजाकडून अपेक्षित प्रतिसाद नाही.'

एकदा घरी येऊन भिंतीवरच्या कालनिर्णयाशी तारखा ताडून पाहिल्या. सहापैकी चार बैठका पुनवेच्या नाहीतर अवसेच्या आगेमागे. म्हणजे ऐन उधाणात. डोलीचं जाळं पाण्याच्या ओढीवर चालतं; उधाणाला ओढ जोराची, तेच त्यांचे कमाईचे दिवस. भांगाला पाणी मंद, जाळं नुसतं लोंबतं, माणसं घरी बसून फाटकं सांधतात. मी सुचवलं, बैठक अष्टमीच्या आसपास घ्या. साहेबांना वाटलं मी सोवळ्याओवळ्याचं काही सांगते आहे. पण घेतली. त्या दिवशी खुर्च्या कमी पडल्या.

भागीदारीची पहिली पायरी कधीकधी एवढीच असते. बैठकीची तारीख कोणाच्या पंचांगातून काढायची?

*

वेळास. रत्नागिरी जिल्हा, मंडणगड तालुका, बाणकोटच्या शेजारी. नाना फडणवीसांचं मूळ गाव अशी जुनी ओळख. २००२ साली चिपळूणच्या 'सह्याद्री निसर्ग मित्र' संस्थेचे भाऊ काटदरे आणि त्यांचे सहकारी इथे आले ते समुद्री गरुडाच्या शोधात. वाळूत दिसली कासवाच्या अंड्यांची टरफलं. नजर आभाळाकडे होती, काम पायाशी सापडलं.

गावाला कासव माहीत नव्हतं असं मुळीच नाही. चांगलं माहीत होतं: अंडी खायची, जमलं तर विकायची. ऑलिव्ह रिडले कासव १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे वाघाच्या पंगतीला. पण अनुसूची वाळूत उमटत नाही. उमटतो तो माग, आणि तो कायद्याच्या आधी माणसाला, कोल्ह्याला नि कुत्र्याला दिसतो.

वाळूत घरटं कुठे असेल हे सगळ्यांत नेमकं कोणाला कळतं? जो अंडी काढत आला त्याला. म्हणून राखणदार नेमायचा तर त्याच्याच दारात जावं लागतं. त्याच्या हातातली कला तीच राहते, बादली कुठे न्यायची तेवढं बदलतं.

*

जानेवारी. पहाटे साडेपाच. कासवमित्र (राखणदाराला आता हेच नाव) पुढे, मी मागे. त्याच्या हातात बॅटरी होती, पण लावत नव्हता. ओहोटीच्या ओल्या वाळूवर अचानक ट्रॅक्टर फिरल्यासारखा पट्टा: समुद्रातून वर आलेला, सुरूच्या बनापर्यंत गेलेला आणि वळसा घेऊन परत पाण्यात. "रातच्याला आलीवती," तो म्हणाला, एखादी शेजारीण येऊन गेल्यासारखं.

पट्ट्याच्या टोकाला वाळू विस्कटलेली. कासवीण मागच्या पायांनी खड्डा करते, अंडी घालते, वाळू लोटते आणि अंगाच्या भाराने धोपटून जागा बेमालूम करून जाते. तो काठी हलक्या हाताने दाबत गेला. एके ठिकाणी काठी लोण्यात गेल्यासारखी आत गेली. मग गुडघे टेकून त्याने हाताने वाळू काढली. तोंड अरुंद, पोट रुंद, मडक्याचा घाट. कोपरापर्यंत हात आत गेला आणि पहिलं अंडं वर आलं: पांढरं, गोल, टेबलटेनिसच्या चेंडूएवढं, पण कवच चामड्यासारखं मऊ, बोटाने दबेल असं.

बादलीत आधी त्याच खड्ड्यातली ओली वाळू. अंडी एकेक करून, न फिरवता, न हलवता. तो मोजत होता तेव्हा मी बोलले नाही. एकशे चौदा.

हॅचरी म्हणजे किनाऱ्यावर वरच्या अंगाला जाळीचं कुंपण घातलेला तुकडा. तिथे तेवढ्याच खोलीचा, तशाच घाटाचा खड्डा. वर पाटी: तारीख, अंडी, पिल्लं निघायचा अंदाज. साधारण पन्नास दिवस. तोवर कोल्हा, रानडुक्कर, मुंगूस, कुत्री आणि माणूस या पाचांपासून राखण.

*

वाळू तापली तर माद्या जास्त, निवली तर नर जास्त. पिल्लाचं लिंग आईबापावर नाही, जमिनीच्या उबेवर ठरतं. उन्हाळे असेच चढत गेले तर पुढे वऱ्हाड भरगच्च आणि नवरदेवच गायब, अशी गत व्हायची. हॅचरीवर सावलीचं कापड बांधणारा माणूस हा त्या अर्थाने लग्न जुळवणाराच.

*

२००६ पासून वेळासला कासव महोत्सव भरतो. पाहुण्यांनी गावातच उतरायचं, घरातलंच जेवायचं. घावणे, सोलकढी, उकडीचे मोदक. हॉटेल नाही. त्या पैशांत कासवाचा वाटा दिसतो: ते आलं म्हणून पाहुणा आला.

पण वाटे सारखे पडत नाहीत हेही खरं. अशा कुठल्याही गावात ज्याच्याकडे जादा खोली आणि बरा संडास, त्याच्या दारात गाडी थांबते. ज्याच्याकडे नाही, तो किनाऱ्यावर पहाट जागवतो. जागणारा आणि जेवायला वाढणारा एकाच घरातले असतील तर ठीक. नसतील तर तीन-चार वर्षांनी कुरबुर ऐकू येते, आणि ती कासवाबद्दल नसते.

*

अंगणात एका पाहुण्याने यजमानीणबाईंना विचारलं, "शो किती वाजता असतो?"

"सकाळी सातला नि संध्याकाळी सहाला घरट्यावरची टोपली उचलतात," त्या पोळपाट धूत म्हणाल्या. "खाली काय असेल ते कासवीण जाणे."

त्या सकाळी टोपलीखाली वाळू होती. पाहुणे चिडले. बाईंनी त्यांना जादा मोदक वाढला. या धंद्यातला तोटा त्यांनी तिथल्या तिथे वाटून टाकला.

*

'जनजागृती' या शब्दात जन झोपलेले आहेत हे धरूनच चाललेलं असतं. पहाटे चारला कुठल्याही बंदरावर जाऊन पाहावं.

*

जाळं.

डिसेंबर २०१८ पासून महाराष्ट्रात एक योजना आहे: संरक्षित प्राणी जाळ्यात अडकला आणि मच्छीमाराने जाळं कापून तो सोडला, तर जाळ्याच्या नुकसानीपोटी २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई. वनखात्याचा कांदळवन कक्ष आणि मत्स्यव्यवसाय विभाग मिळून ती चालवतात. सोडतानाचं चित्रण किंवा फोटो, फाटलेल्या जाळ्याचा फोटो, अर्ज.

मला ही योजना आवडते ती रकमेसाठी नाही. सरकारी कागदाने इथे कबूल केलं की प्राणी वाचतो तेव्हा कोणाचं तरी काहीतरी कापलं जातं.

तांडेलाला विचारलं. तो म्हणाला, "कासव तर आम्ही आधीपण सोडायचो. देव तो. हळदकुंकू लावायचो, नारळ द्यायचो. पण त्यो मोठा शार्क जाळ्यात शिरला की त्याला सोडायचं म्हणजे जाळंच सोडायचं." मग हात करून दाखवले: एका हातात सुरी, दुसऱ्यात मोबाइल, होडी हलतेय, आणि ज्याला वाचवायचं तो शेपटी मारतोय. "शूटिंग नीट आलं नाय तर पैसं नाय. आम्ही काय पिक्चरवाले?"

आणि मग जरा थांबून: "जाळ्याचं मिळतं. त्या दिवसाचं नाय मिळत."

*

हा मोठा शार्क म्हणजे व्हेल शार्क. नावात व्हेल असला तरी मासा, जगातला सगळ्यांत मोठा आणि स्वभावाने गरीब. गुजरातच्या किनाऱ्यावर विसाव्या शतकाच्या शेवटापर्यंत त्याची सर्रास शिकार चाले. यकृताचं तेल होड्यांना लावायला, मांस परदेशात धाडायला. त्याला दमवायला पिंपं बांधत, म्हणून तिथे त्याचं नावच 'बॅरल'. माइक पांडे यांच्या माहितीपटाने ते जगापुढे आणलं, आणि २००१ मध्ये तो पहिल्या अनुसूचीत गेला. शिकार करणाऱ्यांच्या हातचं काम एका अधिसूचनेने गेलं.

कायद्याने पाप ठरवलं, पण सोडायला मन कुठून आणायचं? २००४ मध्ये वाइल्डलाइफ ट्रस्ट ऑफ इंडिया, गुजरात वनखातं आणि टाटा केमिकल्स यांनी मोहीम सुरू केली आणि रामकथाकार मोरारीबापूंना बरोबर घेतलं. बापूंनी सांगितलं, ही बाळंतपणाला माहेरी आलेली लेक आहे. झालं! लेकीला कोण कापणार? बॅरलची 'व्हाली' झाली, लाडकी. पोरबंदर, वेरावळसारख्या गावांनी तिला आपलं मानचिन्ह केलं. तेव्हापासून जाळी कापून शेकडो व्हाली सोडल्या गेल्या आहेत. जाळ्याची भरपाई तिथे आधी सुरू झाली आणि कोळ्यांच्या हाती कॅमेरेही आधी गेले.

आपल्याकडे माहेरवाशीण हा शब्द किती कामाला येतो! गौरी माहेरवाशीण, ओटी माहेरवाशिणीची. कासवीण तर अक्षरशः त्यासाठीच येते: अंडी घालते आणि पाठ फिरवून निघून जाते. ओटी भरायची कोणाला सुचली नाही, एवढंच.

*

आसामातला हरगिला पक्षी. गिधाडासारखं टक्कल, पाच फुटी उंची, उंच झाडावर घरटं. झाड बहुतेक कोणाच्या तरी परसातलं. खाली विष्ठा, सडक्या मांसाचे तुकडे, वास. मालक झाड तोडतो. का तोडू नये?

पूर्णिमादेवी बर्मन यांनी हा प्रश्न पैशांनी सोडवला नाही. दादरा आणि आसपासच्या गावांतल्या बायकांना एकत्र केलं, घरट्यांसाठी डोहाळजेवणासारखे सोहळे घातले, मेखला-चादरीवर हरगिला विणायला लावला. झाडमालकाचा गावासमोर सत्कार केला. २०२२ मध्ये संयुक्त राष्ट्रांचा 'चॅम्पियन्स ऑफ द अर्थ' पुरस्कार त्यांना मिळाला.

वहीत दोन रकाने केले. पैशांत भरून निघणारा तोटा: जाळं, बकरी, पीक. पैशांत न निघणारा: वास, भीती, चार लोकांत झालेलं हसं. दुसऱ्या रकान्याला मान हेच चलन. कोकणात पालखीला पहिला खांदा कोणाचा यावरून पिढ्यान् पिढ्या कोर्टकज्जे चालतात. इतकं जुनं, इतकं खणखणीत नाणं संरक्षणाच्या योजनांनी खिशातून काढायला एवढा उशीर का केला, कळत नाही.

*

उलटं उदाहरण घरचंच आहे.

१९७९. सोलापूर आणि नगर जिल्ह्यांत माळढोक अभयारण्य जाहीर झालं: सुमारे ८,४९६ चौरस किलोमीटर. त्यातल्या नान्नजचं नाव पक्षिमित्रांच्या तोंडी देशभर झालं. पण एवढ्या क्षेत्रात फक्त गवताळ माळ नव्हते. गावं होती, उसाची शेतं होती, घरं, रस्ते, लोकांचे सातबारे होते. जमिनीच्या व्यवहारापासून बांधकामापर्यंत जिथे तिथे अभयारण्याचा अडसर. ज्याने जन्मात माळढोक पाहिला नाही त्याच्या पोरीचं लग्न माळढोकामुळे अडलं असं तो म्हणू लागला. त्याच्यापुरतं ते खोटंही नव्हतं.

पुढे तीन दशकांनी क्षेत्र कापून १,२२२ चौरस किलोमीटरवर आणलं. तोवर माळ नांगरले गेले होते. आता तिथे एखादा माळढोक दिसला तरी वर्तमानपत्रात बातमी येते.

रेषा मोठी आखली, त्या प्रमाणात वाटेकरी वाढायला हवे होते. वाढले ते तोटेकरी. पक्ष्याला जागा दिली कागदाने, आणि भाडं भरलं शेतकऱ्याने. असा भाडेकरू कोणाला आवडेल?

*

गिधाडं: जो भागीदार बैठकीला कधी येत नाही त्याच्याबद्दल.

पांढऱ्या पाठीचं गिधाड. १९९० च्या आसपास इतकं सर्रास की कोणी मोजत नव्हतं. २००७ पर्यंत भारतात त्यातलं हजारात जेमतेम एक उरलं. शिकार नाही, झाडतोड नाही, भूक नाही. कारण २००४ मध्ये जगापुढे आलं: डायक्लोफिनॅक. लंगडणाऱ्या बैलाला डॉक्टरने दुखणं थांबावं म्हणून टोचलेलं औषध. बैल मेला, गिधाडांनी खाल्ला, त्यांची मूत्रपिंडं निकामी झाली. एका जनावरावर शंभर गिधाडं बसतात. म्हणजे एका इंजेक्शनचा हिशेब किती?

२००६ मध्ये जनावरांसाठी ते बंद झालं. पण माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात जात राहिल्या, म्हणून २०१५ मध्ये माणसांच्या कुपीवर ३ मिलिलिटरची मर्यादा आली. २०२३ मध्ये किटोप्रोफेन आणि असिक्लोफिनॅक हीही जनावरांसाठी बंद. मेलॉक्सिकॅम गिधाडाला चालतं, बैलालाही लागू पडतं.

इथले भागीदार मोजा: गुरं पाळणारा, जनावरांचा डॉक्टर, तालुक्याच्या नाक्यावरचा मेडिकलवाला, औषध कंपनी, औषध नियंत्रक. यातल्या एकानेही गिधाड पाहिलेलं असायची गरज नाही. मुंबईत डुंगरवाडीवर पारशी समाजाला मृतदेहांसाठी गिधाडांवाचून सूर्याची किरणं एकवटणारे आरसे बसवावे लागले, तेव्हा कळलं की या पक्ष्याचा वाटा एका धर्माच्या शेवटच्या संस्कारातही होता.

*

नाक्यावरच्या औषधाच्या दुकानात मी सहज विचारलं, "बैलासाठी दुखण्याचं इंजेक्शन कुठलं देता?"

त्याने मेलॉक्सिकॅमचं नाव घेतलं.

"ते का?"

"डॉक्टर तेच लिहितात."

"आणि डॉक्टर का लिहितात?"

"ते काय ते गिधाडांचं आहे ना काहीतरी," तो सुट्टे मोजत म्हणाला, आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला.

वर्षभरातलं सगळ्यांत समाधानाचं वाक्य. याच्यापुढे काय जनजागृती करायची?

*

रायगड जिल्ह्यात म्हसळा तालुक्यातलं चिरगाव. प्रेमसागर मेस्त्री आणि त्यांची संस्था इथे बरीच वर्षं गावकऱ्यांबरोबर गिधाडं राखते आहे. गावात गाय-म्हैस मेली की निरोप जातो, जनावर ठरल्या जागी टाकलं जातं. मेलेलं ढोर उचलून नेणं ही घाणेरडी, कष्टाची, खर्चाची गोष्ट. ती कोणी करायची, टेम्पोचं भाडं कोणी द्यायचं, हे ठरलं की भागीदारी ठरली. बाकी सगळं भाषण.

मग ३ जून २०२०. निसर्ग चक्रीवादळ याच पट्ट्यावरून गेलं. नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या आणि जुनी उंच झाडंही, ज्यांवर गिधाडं घरटी करतात. त्या दिवशी माणूस आणि पक्षी दोघांचा तोटा एकाच वाऱ्याने केला. भरपाईच्या यादीत एकाचंच नाव होतं. ते साहजिकही आहे. नुसतं नोंदवून ठेवते.

*

कोळंबीचं गणित.

ट्रॉलरच्या जाळ्यात कासव शिरलं की बाहेर येता येत नाही. श्वासासाठी वर येणं अडतं आणि ते गुदमरतं. उपाय साधा आहे: जाळ्याच्या नरसाळ्यात तिरपी गजाची चौकट. कोळंबी गजांमधून मागे जाते, कासव गजांवर आपटून वरच्या झडपेतून बाहेर पडतं. कोचीच्या केंद्रीय मात्स्यिकी तंत्रज्ञान संस्थेने आपल्या जाळ्यांना बेतलेली चौकट तयार केलेली आहे.

मग ट्रॉलरवाले ती का लावत नाहीत? झडपेतून कासवाबरोबर थोडी मासळीही निसटते. थोडी म्हणजे किती, यावर शास्त्रज्ञ एक सांगतात आणि तांडेल दुसरं. दरम्यान अमेरिकेने २०१९ पासून भारताच्या समुद्रात पकडलेली कोळंबी घेणं थांबवलं, कारण कासव. तळ्यात वाढवलेली चालते.

म्हणजे एक टोपलीभर मासळी वाचवायला गेले आणि अख्खा बाजार हातचा गेला. तोटा नाकारला की तो जात नाही. मोठा होऊन मागच्या दाराने येतो.

*

जानेवारी २०२२. वेळासला अंडी घालून परत निघालेल्या एका कासविणीच्या पाठीवर उपग्रहाशी बोलणारं यंत्र बसवलं. डेहराडूनची भारतीय वन्यजीव संस्था आणि कांदळवन प्रतिष्ठान. पहिली म्हणून नाव प्रथमा. पाठोपाठ आंजर्ल्याची सावनी, मग गुहागरहून वनश्री, रेवा, लक्ष्मी. त्या हंगामात कोकणात लोक नातेवाइकांच्या चौकशीसारखी चौकशी करायचे: रेवा कुठवर पोचली? वर्षाच्या आत एकेकीचे संदेश बंद पडले. यंत्र गळलं असेल, नाहीतर दुसरं काही.

२०२३ मध्ये गुहागरहून गेलेली बागेश्री मात्र श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात शिरली. नकाशावर तिची रेघ पाहताना वाटलं, आपण पश्चिम किनारा, पूर्व किनारा म्हणतो. ती नुसता किनारा म्हणते.

*

आणि त्याहून साधी गोष्ट: धातूची बारकी पट्टी, वर क्रमांक. ०३२३३.

ही पट्टी २०२१ मध्ये ओडिशात एका कासविणीच्या पुढच्या वल्ह्याला लावली होती. जानेवारी २०२५ मध्ये तीच कासवीण गुहागरच्या वाळूत अंडी घालताना सापडली. मधलं अंतर साडेतीन हजार किलोमीटरच्या घरात. पूर्व आणि पश्चिम किनाऱ्यावरची कासवं वेगवेगळी, हा समज त्या एका पट्टीने हलवला.

मला त्यात दोन हात दिसतात. एक ओडिशातला, पट्टी दाबणारा. एक गुहागरचा, रात्री बॅटरीच्या उजेडात ती वाचणारा. दोघांनी एकमेकांना पाहिलेलं नाही, करार केलेला नाही, एक भाषाही नाही. मधे तीन-चार वर्षं आणि त्या वाटेवरचे न जाणो किती तांडेल, ज्यांच्या जाळ्यात ती आली नसेल, किंवा आली असेल आणि सुटली असेल. त्यांचं नाव कोणत्याच बोधचिन्हांच्या ओळीत नाही.

*

मार्च. एकशे चौदा अंड्यांच्या खड्ड्याचे दिवस भरले.

सातला टोपली उचलली. खाली वाळू जिवंत झालेली. चार-पाच सेंटीमीटरचं एकेक पिल्लू, काळसर, डोळ्यांवर वाळू, वल्ह्यांची घाई. दोरीमागे शाळेची मुलं श्वास धरून. पाण्यापासून काही पावलांवर सोडलं, कारण ती चाल त्याने स्वतःच चालायची. पहिली लाट आली आणि चौघांना उलटंपालटं करून मागे फेकलं. ती पुन्हा निघाली. हजारातलं एखादंच मोठं होतं म्हणतात. मुलांना हे कोणी सांगितलं नाही, बरं झालं.

"तुम्ही सोडलेली परत आली का कधी?" मी कासवमित्राला विचारलं.

"आली असतील. विचारायला थोडीच थांबतात!"

चार-पाच दिवसांनी मी पुन्हा गेले तेव्हा तो तोच खड्डा उकरत होता. शेवटचं पिल्लू निघून गेल्यावर हे करायचंच असतं. न फुटलेली अंडी बाहेर काढली, एकेक उघडून पाहिलं: यात काही धरलं होतं का, कितपत वाढलं होतं. वास येत होता. तोंड फिरवलं ते मी, त्याने नाही. मग शर्टाला हात पुसून वही काढली. माझ्या वहीसारखीच, दोनशे पानी, कडा ओलीने फुगलेल्या. रकाने हाताने आखलेले: तारीख, अंडी, पिल्लं, वाया.

एकशे चौदा. सत्त्याण्णव. सतरा.

बेरीज बोटांवर पुन्हा एकदा ताडून घेतली. सतरा त्याने गोल करून ठेवले, कारण ते चिपळूणला कळवायचे होते. मग ती टरफलं नि ती न धरलेली अंडी लांब नेऊन खोल पुरली, वर पायाने वाळू दाबली, आणि शेजारच्या खड्ड्याची पाटी वाचायला वाकला.